बाबांना बोटीवर चढवल्याची हकीकत

तोर्सहाउन, फेरो बेटं
सोमवार, २२ जून १९९२

तीर्थस्वरूप ओफेगुरमामांस,

हाल्बेराचा नमस्कार. माझ्या नवऱ्याचा, गिस्सूरचा, आणि आमच्या लेकीचा, उन्नूरचाही (ती आता दहा वर्षांची आहे; आई गेली तेव्हा तिला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं, म्हणून तुम्हांला तिने फक्त फोटोत पाहिलंय). बाबांचा नमस्कार मी मुद्दामच लिहीत नाही. तो त्यांच्याकडे आहे की नाही हे विचारायची अजून माझी छाती झालेली नाही. तुमच्या कानातलं नवं यंत्र शिट्टी मारतं असं तुमच्या लेकीने, सालवोरने, फोनवर सांगितलं होतं, ते थांबलं का? रक्तदाब कसा आहे? आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणजे आम्ही ठीक नाही, पण येतो आहोत. बोटीने शुक्रवारी आम्हांला इथे फेरो बेटांवर उतरवलं आणि ती दुसरीकडची फेरी मारायला गेली. परवा बुधवारी परत येऊन आम्हांला उचलेल आणि येत्या शुक्रवारी डेन्मार्कला पोचवेल. हे पत्र विमानाने बुधवारीच तुमच्या हातात पडेल असं पोस्टातली बाई म्हणते. म्हणजे आमच्या आधी दोन दिवस. तेवढे दोन दिवस तुम्हांला लागतील.

शनिवारी तुम्ही ऐंशीचे होणार. बाबा सत्याहत्तरचे आहेत. ह्या दोन आकड्यांकडे बघितलं की पुढच्या वर्षावर काही ढकलवत नाही. आई गेली तेव्हा तुम्ही विमानाने आलात आणि थडग्याच्या त्या बाजूला उभे राहिलात, बाबा ह्या बाजूला. तुमची बहीण आणि त्यांची बायको एकच होती, दोघंही तिच्यासाठी रडत होतात, आणि दोघांनी एकदाही मान वर करून समोर बघितलं नाही. मी तेव्हाच मनाशी ठरवलं की ह्या दोन म्हाताऱ्यांना एका टेबलाशी बसवायचं. ठरवलेलं पार पाडायला सहा वर्षं गेली. मार्चमध्ये बाबा एकदाचे 'येतो' म्हणाले. नीट सांगायचं तर 'डेन्मार्कला येतो' म्हणाले. त्याच्या घरात पाऊल टाकायचं की नाही ते तिथे गेल्यावर बघू, आणि वाटेत काही विघ्न आलं तर मी परत फिरणार, एकदा फिरलो की पुन्हा विचारायचं नाही, अशा अटी. (विमानात ते बसत नाहीत, म्हणून गाडी आणि बोट. तुमच्याकडून पुढे जर्मनीपर्यंत गाडीनेच फिरायचं असं गिस्सूरने आखलंय, बिचारा आशेवर जगतो.) आता आपल्या बेटावरून बोट आठवड्यातून एकदाच सुटते. ती चुकली की तुमचा वाढदिवस चुकला, आणि वाढदिवस चुकला की बाबा घरी परत आणि विषय कायमचा बंद. मी किती जीव मुठीत धरून निघाले असेन याचा अंदाज करा.

मेंढ्याची गोष्ट मी तुम्हांला सांगणं आगाऊपणाचं आहे. पण तुम्ही दोघं ती ज्या प्रकारे सांगता त्यावरून दोन वेगळे मेंढे होते की काय अशी मला शंका येते, म्हणून एकदा माझ्याकडून ऐका. मी वीस वर्षांची होते आणि कुंपणावर बसून सगळं पाहत होते. सप्टेंबरात डोंगरावरची मेंढरं खाली आणली होती आणि गावाच्या कोंडवाड्यात जो तो कानाची खूण बघून आपापली ओढून नेत होता. आमच्या घराची खूण म्हणजे उजव्या कानाला मागून खाच, तुमच्या घराची उजव्या कानाला पुढून. आणि तो करडा मेंढा नेमका उजवा कान कुठल्याशा तारेत फाडून आलेला. पुढूनही खाच, मागूनही खाच. तुम्ही शिंगं धरलीत, बाबांनी मागून कवेत घेतला, आणि सगळ्या गावासमोर बाबा तुम्हांला चोर म्हणाले नि तुम्ही बाबांना आंधळा म्हणालात. मेंढा आमच्याकडे आला, तुम्ही पुढच्या वर्षी शेत विकून लेकीकडे डेन्मार्कला गेलात. मेंढा तीन वर्षांनी दरीत पडून मेला. भांडण मात्र एकोणीस वर्षं धडधाकट आहे.

तर गेल्या गुरुवारी सकाळी सहाला निघायचं होतं. बोटीचं फाटक संध्याकाळी पाचला बंद होतं आणि रस्ता आठ तासांचा, म्हणजे हाताशी तीन तास होते. सामान आदल्या दिवशीच जीपमध्ये भरून झालेलं. ते बाबांनी स्वतः भरलं आणि कुणाला हात लावू दिला नाही (मला वाटलं, चला, उत्साह आला वाटतं). सहाला बाबा गाडीत नव्हते. साडेसहालाही नव्हते. शेजाऱ्याला मेंढ्यांबद्दल तिसऱ्यांदा तेच सांगत होते, आणि तो बिचारा तिसऱ्यांदा हो हो म्हणत होता. सात वीसला आले, पट्टा बांधला आणि आभाळाकडे बघून म्हणाले, "वारा बरा दिसत नाही." मी गिस्सूरला गाडी काढायची खूण केली. माझ्या तोंडातून त्या वेळी जे निघालं असतं तेच विघ्न ठरलं असतं.

आपल्याकडे पोर चालायला लागायच्या आधी एक गोष्ट शिकतं : गाडीचं दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरायचं. मला हे बाबांनी शिकवलं, गिस्सूरला लग्नाआधी शिकवलं (त्याला परीक्षाच द्यावी लागली होती), आणि गावात आलेल्या प्रत्येक परक्या माणसाला ते आजही थांबवून शिकवतात. अकुरेरीच्या पुढच्या पेट्रोल पंपावर साडेनऊला आम्ही थांबलो. वारा पाठीमागून येत होता. गिस्सूरने कोणता रस्ता धरायचा यावर बाबा त्याला सुनावत होते, आणि सुनावता सुनावता त्यांनी आपल्या बाजूचं दार एकाच हाताने उघडलं नि वाऱ्याने ते हिसकावलं. दार उलटं फिरून पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर जाऊन आपटलं. काचेचा चुरा. वरची बिजागरी गेली, खालची कशीबशी राहिली. दाराची आतली मूठ बाबांच्या हातात होती. ते तिच्याकडे बघत उभे राहिले, मग मूठ खिशात घालून शांतपणे म्हणाले, "विघ्न आलं."

माझा आवाज चांगला खणखणीत निघाला. मी म्हटलं, बाबा, दार तुम्ही मोडलंत. आपल्या हाताने केलेल्या मोडतोडीला विघ्न म्हणत नाहीत. पंपावरची चारपाच माणसं ऐकत होती, आणि दार कुणी सोडलं हे त्या सगळ्यांनी पाहिलं होतं. बाबांना वादापेक्षा त्याची लाज जास्त वाटली. गिस्सूर मागून गवताच्या गठ्ठ्यांची दोरी घेऊन आला आणि एक शब्द न बोलता दार बांधायला लागला. (तुम्ही त्याच्याशी गप्पा मारायला बसलात की कळेल, आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली आणि त्याचे एकूण शब्द मी एका वहीत मावतील इतकेच ऐकलेत.) बाबांनी मासेमारीचा जुना मेणकापडी डगला चढवला, टोपी कानांवर ओढली, त्याच फुटक्या बाजूला बसले आणि दोरीचं टोक मुठीत धरलं. सव्वादहा झाले होते.

मोद्रुदालूरच्या माळावर पंक्चर झालं. पावणेएकची वेळ. तुम्ही तो माळ विसरला नसाल : काळी वाळू, दगड, पुन्हा काळी वाळू, आणि तासाला एखादी गाडी गेली तर गेली. पंक्चर म्हणजे काही आभाळ कोसळत नाही, गिस्सूर वीस मिनिटांत चाक बदलतो. त्याने मागचं सामान उतरवलं, स्टेपनीवरची फळी उचलली, आणि तसाच वाकून उभा राहिला. खूप वेळ. मग त्याने मला हाक मारली, जे तो सहसा करत नाही. स्टेपनी नव्हती. तिच्या जागी पांढऱ्या कापडात बांधलेली, मेंढीच्या लेंड्यांच्या धुरावर धुरवलेली, चांगली चार किलोंची कोकराची तंगडी होती.

मी बाबांकडे वळले. ते दोरी धरून समोर बघत बसले होते. स्टेपनी कुठे आहे, असं मी विचारलं. "मेंढवाड्यात. सुरक्षित आहे," म्हणाले. आणि हे काय आहे? "खायला." चार किलो? "वाट लांबची आहे." उन्नूर म्हणाली, आजोबा, ही तर तुम्ही नाताळात पण कापू दिली नव्हती. तेव्हा बाबांचा चेहरा लाल झाला. मग हळूहळू, दात उपटल्यासारखं एकेक वाक्य बाहेर आलं. डेन्मार्कचे कस्टमवाले मांस काढून घेतात, स्टेपनीच्या खड्ड्यात कुणी बघत नाही. तिकडच्या लोकांना मांस धुरवता येत नाही, नुसता रंग लावतात. ऐंशीचा माणूस वर्षानुवर्षं तसलं खातोय. कोण ऐंशीचा माणूस, ते मात्र बोलले नाहीत. मामा, मी इतकी संतापले होते की मला रस्त्याच्या कडेला जाऊन बसावं लागलं, आणि तिथे बसल्यावर मला रडू फुटलं, आणि ते रडू संतापाचं नव्हतं. मार्चपासून मी ह्या माणसाला ओढतेय असं समजत होते. त्याने नाताळापासून तुमच्यासाठी तंगडी राखून ठेवली होती.

पण तंगडीवर गाडी चालत नाही. दोन किलोमीटरवर एक शेतघर दिसत होतं, तिकडे बाबा, मी आणि उन्नूर चालत निघालो (गिस्सूर जीपपाशी थांबला), आणि दीड वाजता दार वाजवलं. दार उघडलं योफ्रीदुर नावाच्या बाईने. साठीची, हातभर रुंद खांदे, हातात कणकेचा गोळा. आम्ही चाक हवंय म्हणून सांगतोय आणि तिचं एकच : "आधी आत या. कुणाची माणसं तुम्ही?" आता तुम्हांला माहीतच आहे, आपल्याकडे हे विचारल्यावर उत्तर दिल्याशिवाय कुणी पाण्याचा ग्लाससुद्धा देत नाही, आणि दिलं की चार पिढ्या मोजेपर्यंत सुटका नाही. टेबलावर कॉफी आली, गोड पोळ्या आल्या, तीन प्रकारचे केक आले. घड्याळ माझ्या समोरच्या भिंतीवर होतं. बाबांनी आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, शेताचं सांगितलं. बाईचा हात किटलीवरच थांबला.

"थांबा. थोरलाकुर म्हणजे कोंडवाड्यातल्या मेंढ्यावाला थोरलाकुर?"

मामा, ती तुमच्या आईच्या चुलतबहिणीची नात निघाली. आणि तुमची बाजू तिला तोंडपाठ. तिने ती बाबांना पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवली, कानाच्या खाचेसकट, आणि मधेमधे केक पुढे सरकवत राहिली. "ज्याला मेंढ्याचा कान वाचता येत नाही त्याने मेंढ्या पाळू नयेत," असं तिने बाबांना त्यांच्या तोंडावर सांगितलं. मी डोळे मिटून घेतले. बाबा आता उठणार, टोपी घालणार, चालत घरी निघणार, हे मला दिसतच होतं. दोनशे किलोमीटर असले म्हणून काय, ते निघाले असते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर बाबा कप पुढे करत होते. "कॉफी चांगली आहे," म्हणाले, "अर्धा कप अजून." मग बाईने विचारलं की एवढ्या घाईत निघालात तरी कुठे. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात बाबाच बोलले. "ओफेगुरकडे. शनिवारी ऐंशीचा होतोय. पाचला बोट आहे."

एकोणीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून तुमचं नाव पहिल्यांदा ऐकलं. थडग्याजवळ पाद्रींनी विचारलं तेव्हासुद्धा ते 'तिचा भाऊ' म्हणाले होते. बाईने त्यांच्याकडे बघितलं, हात पुसले आणि मागच्या दाराने बाहेर गेली. तिची गवत वाहायची गाडी एका जुन्या जीपच्या आसावर बांधलेली होती, आमच्याच सारख्या जीपच्या. तिने स्वतः जॅक लावून चाक काढलं, ट्रॅक्टरवर टाकलं आणि आम्हांला त्याच ट्रॅक्टरवर बसवून माळावर नेलं. जाताना बाबांना म्हणाली, हे ओफेगुरसाठी देतेय, तुमच्यासाठी नाही, आणि परत येताना चाक तुम्ही स्वतः आणून द्यायचं. बाबा म्हणाले, देईन. तोवर तीन वाजून पाच मिनिटं झाली होती आणि एकशेतीस किलोमीटर बाकी होते, त्यात शेवटचा घाट.

त्या दोन तासांबद्दल मला फार लिहिता येत नाही. गिस्सूर ज्या वेगाने चालवत होता त्याबद्दल त्याला अटकच व्हायला हवी होती. दार दोरीवर धडधडत होतं, उन्नूर पाटी वाचून किलोमीटर सांगत होती, आणि बाबा, ज्यांनी सकाळपासून परत फिरायची वाट बघितली, ते दर पाच मिनिटांनी गिस्सूरला म्हणत होते, "दाब, दाब जरा." घाटात धुकं होतं आणि रस्त्याच्या कडेला जूनमध्येही बर्फाच्या भिंती. धुक्यातून खाली आलो तर बोट दिसली, पांढरी, आणि तिच्यात शेवटचा ट्रक शिरत होता. पाचला चार मिनिटं असताना आम्ही फाटकापाशी पोचलो.

आणि तिथे नारिंगी जाकिटातल्या माणसाने हात आडवा केला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मान हलवली. दोरीने बांधलेलं दार चालणार नाही. लाटांत सुटलं तर शेजारच्या गाड्या फोडेल. पुढच्या गुरुवारी दुरुस्त करून या. त्याचं काही चुकलं नव्हतं, मीही तेच म्हटलं असतं. मी मागे वळून बाबांकडे बघितलं. त्यांना सकाळपासून हवं होतं ते विघ्न कुणीतरी नारिंगी जाकीट घालून आणून दिलं होतं, आणि ह्या वेळी त्याला मी विघ्न नाही म्हणू शकत नव्हते. आता बोला काय ते, असं मनात म्हणत मी उभी होते.

बाबा डगल्यासकट खाली उतरले. "दार सुटेल म्हणून नको ना?" त्या माणसाने हो म्हटलं. "मग दारच नको," म्हणाले, आणि गिस्सूरकडे पाना मागितला. खालची बिजागरी दोन बोल्टांवर होती. पहिला बोल्ट गिस्सूरने काढला, दुसऱ्याला बाबांनी हात घातला, बोटांतून रक्त आलं तरी सोडला नाही. नारिंगी जाकीट घड्याळ बघत होतं, पण फाटक त्याने ओढलं नाही. दार सुटलं. बाबांनी ते वाऱ्याच्या बाजूने वळवून बगलेत मारलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि आमच्या गाडीच्या पुढे पायी चालत बोटीवर चढले. मागे वळून बघितलंसुद्धा नाही, आम्ही येतोय की नाही ते.

तर अशी आम्ही सगळी इथवर पोचलो आहोत. दार खोलीत पलंगाखाली आहे, घरमालकिणीची त्याला हरकत नाही. सालवोरला आणि नातवंडांना आशीर्वाद सांगा. तब्येतीला जपा, निदान शनिवारपर्यंत तरी.

तुमची भाची,
हाल्बेरा

ता. क. तंगडी आता उन्नूरच्या झोपायच्या पिशवीत आहे आणि तिने कस्टमपाशी झोपेचं सोंग घ्यायचं ठरलंय. धुराचा वास आला तर तो आजोबांचा आहे असं सांगायचं. तुम्ही बंदरावर सगळ्यांसमोर तंगडीबद्दल काही विचारू नका.

ता. क. २. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. तुम्ही शुक्रवारी बंदरावर एकटे या आणि बाबांना आधी हात तुम्ही द्या. ते गाडीतून उतरणार नाहीत असं मला वाटतं. बोटीवर चढणं वेगळं, तुमच्यासमोर उभं राहणं वेगळं. आणि मामा, पाया पडून सांगते, एकदाच म्हणा की मेंढा त्यांचा होता. मला माहीत आहे, खोटं बोलायला सांगतेय. पण तुम्ही मोठे आहात, आणि मला दुसरी युक्ती सुचत नाही. याने तुमचं काही जाणार नाही, माझे बाबा मात्र घरात पाऊल टाकतील.

ओफेगुर,

पोरगी पोस्टाची तिकिटं आणायला गेलीय आणि पत्र टेबलावर उघडंच टाकलंय. वाचलं. दाराचं तिने फुगवून लिहिलंय. तिने सांगितलंय तसलं काही बोलू नकोस. खाच पुढून होती, तुमच्या घरची. मागची तारेची. मला तेव्हाच दिसलं होतं, पण लोक बघत होते. बंदरावर येऊ नकोस, तिथे थंडी असते. भेटायला मी येतोय, तू नाही. तू तिसऱ्या मजल्यावर राहतोस असं ही म्हणते. चढेन. मधे दोनदा थांबावं लागतं हल्ली. खाली पावलं ऐकू आली की कॉफी ठेव, म्हणजे मी पोचेपर्यंत होईल.

थोरलाकुर